सह्याद्रीत ट्रेकला फोनवरची ॲप्स कशी वापरायची: राजगड-तोरणा धरून सगळी तयारी

ट्रेकला जायचं ठरलं की नवीन लोक पहिला प्रश्न विचारतात तो म्हणजे कुठलं ॲप घेऊ. खरं सांगायचं तर ॲप चार-पाच चांगली आहेत, त्यातलं कुठलंही घ्या, पण ते घरी बसून तयार केलेलं नसेल तर गडाखाली गेल्यावर त्याचा शून्य उपयोग आहे. आणि दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची, फोन तुम्हाला सपाट कागदावरची जागा दाखवतो आणि आपला सह्याद्री उभा आहे. नकाशावर वाटेपासून तुम्ही वीस मीटर बाजूला दिसत असाल, पण ते वीस मीटर म्हणजे मधे शंभर फुटांचा कातळकडा असू शकतो, वाट वरच्या पदरातून (कड्यांमधल्या सपाट टप्प्यातून) जाते आणि तुम्ही खालच्या पदरात उभे असता आणि निळा ठिपका मात्र रेषेला चिकटलेला दिसतो. हे एकदा डोक्यात पक्कं बसलं की बाकी सगळं शिकता येतं.

उदाहरण म्हणून राजगड ते तोरणा घेऊ. गुंजवण्यातून चोर दरवाजाने राजगडावर, पद्मावती माचीवर मुक्काम, सकाळी संजीवनी माचीवरून अळू दरवाजातून बाहेर पडून धारेवर (डोंगराच्या अरुंद कण्यावर), मधे डांबरी रस्त्याची खिंड, पुढे पुन्हा धार, मग बुधला माचीच्या बाजूने तोरण्यावर चढाई आणि शेवटी बिनी दरवाजाने वेल्ह्यात उतरायचं. नुसती धारेवरची चाल दहा-बारा किलोमीटर धरा. सगळ्या प्रकारचा भूभाग यात येतो म्हणून शिकायला हा ट्रेक चांगला.

आधी एक गैरसमज काढू

"तिथे रेंज नाही म्हणजे जीपीएस चालणार नाही" हे अजूनही खूप जण म्हणतात. जीपीएसला ना सिम लागतं ना डेटा. फोन फक्त उपग्रहांचे सिग्नल ऐकतो, पाठवत काही नाही, आणि किमान चार उपग्रह दिसले की जागा आणि उंची काढतो. अमेरिकेचं जीपीएस, रशियाचं ग्लोनास, युरोपचं गॅलिलिओ आणि बऱ्याच नवीन फोनमध्ये आपलं नाविकसुद्धा, हे सगळे मिळून वापरले जातात. रेंज नसल्यावर अडतं ते दोन ठिकाणी. एक म्हणजे नकाशाचं चित्र, ते नेटवरून येतं म्हणून आधी उतरवून ठेवायचं. दुसरं म्हणजे पहिली जागा सापडायला लागणारा वेळ, कारण नेट असताना उपग्रह कुठे आहेत ती माहिती फोन नेटवरून पटकन घेतो आणि नेट नसेल तर ती थेट उपग्रहाकडून गोळा करायला काही मिनिटं लागू शकतात. म्हणून गावात, रेंज असतानाच, मोकळ्या आकाशाखाली नकाशाचं ॲप एकदा उघडून ठिपका नीट बसलाय हे बघून घ्या आणि मगच फोन एअरप्लेन मोडवर टाका. तुमच्या फोनमध्ये एअरप्लेन मोडवर लोकेशन चालू राहतंय का हे घराच्या गच्चीत तपासा, दोन मिनिटांचं काम आहे.

नकाशा: दोन ॲप ठेवा

गूगल मॅप्स गुंजवण्यापर्यंत गाडी न्यायला उत्तम. त्यापुढे नाही. ऑफलाइन उतरवलेल्या भागात ते पायी चालण्याचा रस्ता काढून देत नाही आणि गडावरच्या बऱ्याच पायवाटा त्यात नसतातच.

डोंगरासाठी ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारी ॲप घ्यायची. हा नकाशा २००४ मध्ये सुरू झाला आणि जगभरचे स्वयंसेवक तो भरतात, आपल्याकडच्या ट्रेकर मंडळींनी त्यात किल्ल्यांच्या वाटा, टाकी, देवळं बरीच घातलीत. त्यावरची दोन ॲप सांगतो. ऑर्गॅनिक मॅप्स फुकट आहे, जाहिराती नाहीत, हलकं आहे आणि कंटूरच्या (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) रेषा त्यात फुकट दिसतात. ज्यांना सेटिंगमध्ये डोकं घालायचं नाही त्यांनी हेच घ्यावं. दुसरं ऑसमॲंड, त्यात करता येत नाही असं काही नाही पण पहिल्यांदा उघडल्यावर मेनू बघून माणूस गांगरतो, आणि फुकट आवृत्तीत मोजकेच नकाशे उतरवता येतात. मी म्हणेन पहिल्यांदा ऑर्गॅनिक मॅप्सवर सवय करा आणि मग ऑसमॲंडकडे जा. दोन्हींमध्ये महाराष्ट्राचा नकाशा वेगळा उतरवता येतो, वायफायवर उतरवा, आणि मग नेट बंद करून राजगडावर झूम करून बघा की सगळं दिसतंय ना. ही शेवटची तपासणी लोक टाळतात आणि तिथे जाऊन कोरा पांढरा स्क्रीन बघत बसतात.

कंटूर वाचायला शिकायला वेळ द्या, तो कुठेच वाया जात नाही. रेषा जवळजवळ म्हणजे चढ उभा, लांब लांब म्हणजे पठार किंवा पदर, आणि जिथे रेषा एकमेकींना चिकटल्यासारख्या दिसतात तिथे कडा आहे असंच समजा. पण इथे एक गोम आहे. मोबाईल ॲपमधल्या बहुतेक कंटूर रेषा उपग्रह-रडारच्या उंचीच्या माहितीवरून काढलेल्या असतात, त्यातली सगळ्यात जास्त वापरली जाणारी माहिती फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या स्पेस शटलने गोळा केलेली आहे आणि तिच्यात साधारण दर ३० मीटरला एक बिंदू आहे. दोन बिंदूंच्या मधे सरळ तुटलेला चाळीस-पन्नास फुटी कातळ आला तर तो नकाशात गुळगुळीत उतार म्हणून दिसतो! सह्याद्रीत असे कातळटप्पे एकावर एक रचलेले आहेत. त्यामुळे नकाशावर उतार दिसतोय म्हणजे उतरता येईल असा अर्थ कधीही काढू नका. ज्यांना अजून चांगलं हवंय त्यांनी सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० चे टोपोशीट (सरकारी तपशीलवार नकाशे) बघावेत, त्यांच्या पोर्टलवरून पीडीएफ मिळतात, त्यात बऱ्याच ठिकाणी कातळ वेगळा दाखवलेला असतो आणि जुन्या वाटा पण असतात.

ट्रॅक शोधणं आणि तो तपासणं

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. ट्रॅक म्हणजे कुणीतरी चालताना नोंदवलेली जीपीएक्स फाईल. विकिलॉक या ट्रॅक शेअर करायच्या साइटवर राजगड-तोरण्याचे कितीतरी मिळतील. त्यांच्या ॲपमध्ये ट्रॅकवर नेव्हिगेशन करायला पैसे लागतात पण खातं उघडून वेबसाइटवरून जीपीएक्स उतरवून ती दुसऱ्या ॲपमध्ये उघडता येते.

एकच ट्रॅक उतरवून त्यावर विसंबू नका. तीन-चार वेगवेगळ्या लोकांचे उतरवा आणि एकावर एक उघडा. जिथे सगळ्या रेषा एकत्र जातात तिथे मळलेली वाट आहे असं समजायला हरकत नाही, जिथे एकच रेषा फुटून दरीकडे जाते आणि परत येते तिथे तो माणूस चुकला होता, आणि जिथे सगळ्याच रेषा विस्कटतात तिथे वाट शोधावी लागणार, त्या जागेवर आधीच खूण करून ठेवा. मग महिना बघा. मे महिन्यात नोंदवलेला ट्रॅक ऑगस्टमध्ये जसाच्या तसा चालेल असं नाही, गवत छातीएवढं होतं, कारवीची झुडपं माजतात, ओढा आडवा येतो. ट्रॅकमध्ये लांबच लांब सरळ रेघ असेल तर तिथे सिग्नल गेला होता किंवा फोनने नोंद थांबवली होती, ती रेघ म्हणजे वाट नव्हे. वेग पण बघा, काही जण गाडीत बसल्यावर सुद्धा रेकॉर्डिंग चालू ठेवतात.

यानंतर तो ट्रॅक गूगल अर्थवर टाकून उपग्रहाच्या चित्रावर बघा. हिवाळ्या-उन्हाळ्यातलं चित्र असेल तर धारेवरची वाट फिकट रेघेसारखी चक्क दिसते.

आता खुणा टाकायच्या. राजगड-तोरण्याला मी या टाकतो: गुंजवणे, पद्मावती माचीवरचं पाणी, संजीवनी माचीवरून बाहेर पडायची जागा, डांबरी रस्त्याची खिंड, पुढची वस्ती, बुधला माचीखाली जिथून खडा चढ सुरू होतो ती जागा, मेंगाई देवीचं देऊळ, वेल्हे. यातली डांबरी रस्त्याची खिंड लाल रंगाने, कारण ट्रेक अर्धवट सोडायचा झाला तर तीच सगळ्यात सोयीची जागा. धारेवर पाण्याचा भरवसा नाही, सावली कमी, त्यामुळे खिंडीत पोचायलाच दुपारचे बारा वाजून गेले असतील तर माझ्या मते तोरण्याची चढाई सोडून द्यायची आणि रस्त्याने बाहेर पडायचं. ही वेळ घरी ठरवून त्या खुणेच्या नावातच लिहून ठेवा, "खिंड, १२ नंतर पुढे नाही" असं. डोंगरावर दमलेलं असताना असे निर्णय नीट होत नाहीत.

वेळेचा अंदाज ॲप देतं तो बहुतेक सपाटीवरच्या चालीचा असतो. जुना हिशोब म्हणजे ५ किलोमीटरला एक तास आणि वर प्रत्येक ६०० मीटर चढाईला एक तास, हा स्कॉटलंडच्या नेस्मिथने १८९२ मध्ये मांडला. त्या हिशोबाने १२ किलोमीटर आणि ६०० मीटर चढ म्हणजे साडेतीन तासांच्या आत व्हायला पाहिजे, पण पाठीवर सॅक, घसारा, ऊन आणि आठ जणांचा ग्रुप असला की सरळ दुप्पट धरा.

हवामान

भारतीय हवामान विभागाचं मौसम ॲप घ्या आणि पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने केलेलं दामिनी घ्या. दामिनी तुमच्या आसपास वीज पडतेय का ते दाखवतं, एप्रिल-मे आणि ऑक्टोबरच्या वळवाच्या दिवसांत धारेवर चालणाऱ्याला याच्याइतकं कामाचं दुसरं ॲप नाही. मात्र त्याला नेट लागतं, म्हणून जिथे रेंज मिळेल तिथे उघडून बघायचं आणि वीज जवळ असेल तर धार सोडून खाली यायचं, झाडाखाली किंवा बुरुजावर थांबायचं नाही. पावसाळ्यात हवामान विभागाचा इशारा वाचताना पुणे शहराचा अंदाज बघून निघू नका. घाटमाथ्यासाठी वेगळा इशारा देतात, तो बघा. शहरात रिमझिम असते आणि त्याच दिवशी घाटात ऑरेंज किंवा रेड असतो. रेड असेल तर ट्रेक रद्द, त्यात चर्चा नको.

बॅटरी

बॅटरी खाणाऱ्यात पहिला नंबर स्क्रीनचा आणि दुसरा नंबर रेंज शोधत बसणाऱ्या फोनचा, जीपीएस त्यामानाने कमी खातं. म्हणून चालताना एअरप्लेन मोड, ब्राइटनेस कमी, फोन खिशात, आणि दर फाट्यावर काढून बघायचा. सारखा हातात धरून चालू नका, ठेच लागते आणि नजर वाटेवर राहत नाही.

पॉवरबँकेवर १०,००० एमएएच लिहिलेलं असलं तरी फोनला त्यातले सहा-साडेसहा हजारच मिळतात, कारण तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो आणि बाहेर ५ व्होल्टने देताना काही वाया पण जातं. दोन दिवसांच्या ट्रेकला एका माणसाला तेवढी एक पुरते. केबल दोन घ्या, पॉवरबँक चांगली असते आणि केबलच दगा देते.

अजून एक सेटिंग, आणि हे फार महत्त्वाचं. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये स्क्रीन बंद झाली की बॅटरी वाचवायला मागचं ॲप बंद पाडतात, मग रेकॉर्डिंग गुपचूप थांबतं आणि तुम्हाला तासाभराने कळतं. सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपपुरतं बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद करा, लोकेशनची परवानगी "नेहमी" द्या आणि घराजवळच्या टेकडीवर स्क्रीन बंद ठेवून अर्धा तास चालून बघा की रेघ सलग आलीय का. नोंद दर पाच-दहा सेकंदांनी किंवा दर दहा मीटरला ठेवली की पुरे.

वाटेवर असताना

निघताना रेकॉर्डिंग चालू करा. उतरवलेला ट्रॅक एका रंगात आणि तुमचा स्वतःचा दुसऱ्या रंगात दिसला पाहिजे, कारण अडचणीत सगळ्यात भरवशाची रेघ तुमची स्वतःची असते, त्या वाटेने तुम्ही नुकतेच चालून आलेले असता.

मोकळ्या धारेवर ठिपका पाच-दहा मीटरच्या आत खरा असतो. नळीत, घळीत, कड्याच्या पोटातून जाणाऱ्या आडव्या वाटेवर मात्र सिग्नल कातळावर आपटून येतो आणि ठिपका पन्नास-पन्नास मीटर उड्या मारतो. ठिपक्याभोवतीचं निळसर वर्तुळ मोठं झालं की समजायचं, आता याच्यावर विश्वास नाही. एक मिनिट स्थिर उभं राहा, ठिपका बसू द्या.

फाट्यावर काय करायचं? बुधला माचीकडे जाताना किंवा कुठल्याही धारेवर ढोरवाटा इतक्या असतात की मळलेली वाट कुठली ते कळत नाही. ढोरवाट रुंद आणि छान दिसते पण चाऱ्याकडे किंवा पाण्याकडे जाऊन विरून जाते. एक वाट धरा, पन्नास पावलं चाला, मग फोन बघा की तुम्ही ट्रॅकपासून लांब जाताय का जवळ राहताय. फाट्यावर उभं राहून होकायंत्राच्या बाणावरून ठरवू नका. तो बाण तर फोनच्या कव्हरमधल्या चुंबकाने सुद्धा फिरतो, चुंबकाचं कव्हर असेल तर काढून ठेवा आणि फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवून घ्या.

आणि वाट चुकलीच तर एक गोष्ट कधीच करायची नाही, समोर ट्रॅकची रेघ चाळीस मीटरवर दिसतेय म्हणून कारवीत घुसून सरळ तिच्याकडे जायचं. उंची बघा आधी. ट्रॅकमधल्या त्या बिंदूची उंची आणि तुमची उंची यात तीस-चाळीस मीटरचा फरक असेल तर तुम्ही वेगळ्या पदरात आहात, मधे कातळ आहे. परत फिरा, स्वतःच्या रेघेवरून शेवटच्या खात्रीच्या जागेपर्यंत जा. वेळ जातो, जाऊ दे.

उंचीबद्दल एक बारीक गोष्ट. तोरणा समुद्रसपाटीपासून १४०३ मीटर आणि काही ॲप माथ्यावर १३४० च्या आसपास दाखवतात, तेव्हा फोन बिघडलेला नसतो. उपग्रह पृथ्वीच्या गणिती आकारावरून उंची मोजतात आणि आपल्या भागात समुद्रसपाटी त्या आकाराच्या साठ-सत्तर मीटर खाली आहे. चांगली ॲप ही दुरुस्ती स्वतः करतात, काही करत नाहीत. म्हणून गावातून निघताना तुमच्या ॲपची उंची आणि ट्रॅकमधली त्याच जागेची उंची ताडून बघा, जो फरक येईल तो लक्षात ठेवा.

गावात आणि वस्तीवर माणसं भेटली की वाट विचाराच. दादा, मामा, मावशी, कुणीही, ती वाट काल चालू होती का, टाक्यात पाणी आहे का, गवत काढलंय का, हे फक्त त्यांनाच माहीत असतं. फोन दाखवून "नकाशात तर इकडून आहे" असा वाद घालू नका. अवघड वाटेला, धुक्यात किंवा पहिल्यांदाच जाताना गावातला वाटाड्या घ्या, त्याचे पैसे आधी ठरवा आणि पूर्ण द्या.

पावसात फोन झिपच्या पारदर्शक पिशवीत ठेवा. ओल्या बोटांना स्क्रीन दाद देत नाही, स्वतःहून भलतंच काहीतरी दाबलं जातं, म्हणून कोरडा रुमाल वेगळ्या पिशवीत जवळ हवा. पूर्ण ग्रुपमध्ये किमान दोन फोनमध्ये सगळं उतरवलेलं असू दे आणि एक छापील नकाशा असू दे.

अपघात किंवा अडकल्यावर

आधी हे माहीत पाहिजे की परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणारी उपकरणं भारतात वापरता येत नाहीत, परदेशातून येताना अशी उपकरणं आणलेल्या ट्रेकर्सना विमानतळावर ताब्यात घेतल्याचे प्रकार झालेत. परदेशातून सुट्टीला येऊन किल्ल्यांवर जाणाऱ्या मराठी मंडळींनी हे ध्यानात ठेवावं. म्हणजे आपल्याकडे जे काही आहे ते साधं मोबाईल नेटवर्क.

११२ लावा. तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कुठल्याही कंपनीचा टॉवर पोचत असेल तर हा कॉल त्यावरून जाऊ शकतो. महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरची हेल्पलाइन आहे, तो नंबर निघण्याआधी सगळ्यांच्या फोनमध्ये सेव्ह करून घ्या, राज्यभरच्या रेस्क्यू टीम त्यातून हलवल्या जातात. कॉल लागत नसेल तर एसएमएस, तो रेंजच्या एका काडीवर पण कधीकधी जातो. व्हॉट्सॲप लाइव्ह लोकेशनवर राहू नका, त्याला सतत डेटा लागतो आणि ते जास्तीत जास्त आठ तासच चालतं.

एसएमएसमध्ये अक्षांश-रेखांश दशांशात लिहा, १८.२४६०, ७३.६८२० असे. चार दशांश स्थळं म्हणजे साधारण अकरा मीटरपर्यंतची अचूकता, पुरेशी आहे. गूगल मॅप्समध्ये नेट नसताना सुद्धा निळ्या ठिपक्यावर बोट दाबून धरलं की आकडे दिसतात. आयफोनच्या कंपासमध्ये ते अंश-मिनिट-सेकंदात येतात, ते दशांशात आहेत असं समजून पाठवले तर टीम भलत्याच डोंगरावर जाईल, म्हणून एककं लिहाच. पण नुसते आकडे पुरत नाहीत, परत तेच, उभा सह्याद्री. मेसेज असा पाहिजे: "राजगड-तोरणा धार, डांबरी खिंडीच्या तोरण्याकडच्या बाजूला, वाटेच्या खालच्या टप्प्यात, अंदाजे ३० मीटर खाली, एक जखमी, पाय मोडलाय, शुद्धीवर आहे, आम्ही ६ जण, पाणी २ लिटर, बॅटरी ४० टक्के, दर तासाला पहिली ५ मिनिटं फोन चालू ठेवतो." कड्याच्या वर आहात का खाली, हे कळलं की टीम कुठल्या गावातून चढायचं ते ठरवते, तिथेच त्यांचे तास वाचतात.

घरी एका माणसाकडे हा सगळा प्लॅन, जीपीएक्स फाईल, सोबतच्यांचे नंबर आणि "इतक्या वाजेपर्यंत फोन आला नाही तर इथे कळव" ही वेळ लिहून ठेवा. वेल्ह्यात उतरल्यावर आधी त्या माणसाला फोन, मग चहा.

परत आल्यावर

तुमचा ट्रॅक इतरांना द्या, पण साफ करून. सुरुवातीचा घरापासूनचा आणि गाडीतला भाग कापा, घराचा पत्ता जगाला कशाला. चुकलेल्या जागेची वळवळ काढून टाका किंवा तिथे "इकडे चुकतात" अशी खूण ठेवा. पाण्याच्या प्रत्येक खुणेत महिना लिहा, "फेब्रुवारीत टाक्यात पाणी होतं, पिण्याजोगं, गाळून घेतलं" एवढं वाक्य मार्चमध्ये जाणाऱ्याला फार उपयोगी पडतं. आणि ओपनस्ट्रीटमॅपमध्ये एखादी वाट किंवा टाकं नसेल तर खातं उघडून घाला, ऑर्गॅनिक मॅप्समधून सुद्धा छोटी ठिकाणं जोडता येतात, पुढच्या वेळी नकाशा उतरवणाऱ्या प्रत्येकाला ते टाकं दिसेल.